सेतीच्या थडग्यातल्या हरवलेल्या भिंती: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: इजिप्तचा प्राचीन राजा पहिला सेती याच्या थडग्याची दुर्दशा काळामुळेच झाली ना?

काळापेक्षा माणसांनी जास्त केली. १८१७ मध्ये इटालियन शोधक बेल्झोनीने ते शोधलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीचे रंग टवटवीत होते. मग भिंतींचे साचे काढण्यासाठी कोरीवकामावर ओला लगदा दाबला गेला आणि साच्याबरोबर रंगही उतरला. १८२९ मध्ये फ्रेंच अभ्यासक शाँपोलियों आणि त्याचा इटालियन सहकारी रोसेलिनी यांनी एका दाराच्या दोन बाजूंची चित्रं कापून नेली. एक पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, दुसरं फ्लॉरेन्समध्ये. लूव्रमधल्या चित्रात हाथोर देवी राजाचा हात धरून त्याला मण्यांची माळ देते आहे. चित्रलिपी उलगडणाऱ्या शाँपोलियोंनेच ती भिंत फोडावी, याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न: या हरवलेल्या भिंती आता संगणकावर पुन्हा उभ्या करतात. पण जे उरलंच नाही, ते कुठून आणतात?

आधी उरलेलं मोजतात. लेझर स्कॅनर भिंतीला न शिवता छिन्नीच्या खुणांपर्यंतचे उंचसखल भाग टिपतो, रंग वेगळ्या छायाचित्रांतून घेतात. मग परदेशी संग्रहालयांतले तुकडे स्कॅन करून आपापल्या जागी बसवतात. रंगांसाठी बेल्झोनी आणि त्याचा सोबती चित्रकार रिची यांची जलरंगातली चित्रं कामी येतात. ती ब्रिस्टलच्या संग्रहालयात आहेत. छायाचित्रकार हॅरी बर्टनचे जुने फोटोही आहेत, पण कृष्णधवल. त्यांतून रेषा मिळते, निळा की हिरवा ते कळत नाही.

प्रश्न: मग ही चित्रं कल्पनेने रंगवलेलीच म्हणायची?

काही अंशी हो, आणि ते लपवू नये असं माझं ठाम मत आहे. दुसरा एक राजा तुतनखामुन याच्या दफनकक्षाच्या दक्षिण भिंतीचा काही भाग, ते थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरने आत शिरण्यासाठी काढला. आज त्याचा पुरावा म्हणजे बर्टनचे फोटो. फॅक्टम फाउंडेशन या संस्थेने त्या दफनकक्षाची प्रतिकृती घडवताना तो भाग नव्याने तयार केला, पण भिंतीत मिसळला नाही, वेगळा मांडला. कुठे पुरावा संपतो, ते पाहणाऱ्याला तिथेच समजतं. सगळंच गुळगुळीत, चकचकीत करून दाखवणाऱ्या चित्रफितींपेक्षा मला हे कितीतरी प्रामाणिक वाटतं.

प्रश्न: ही थडगी जिथे आहेत त्या लक्सरला जाणार आहोत. प्रतिकृती पाहावी की खरं थडगं?

तुतनखामुनची प्रतिकृती २०१४ पासून कार्टरच्या घराजवळ खुली आहे. ती आधी पाहा. चित्रं निवांत न्याहाळता येतात आणि तुमच्या श्वासातल्या ओलाव्याने मूळ रंगांना धक्का लागत नाही. नंतर खऱ्या थडग्यात थोडाच वेळ थांबलात तरी कुठे काय पाहायचं ते ठाऊक असेल.