सूपमध्ये भोपळा होता आणि तुम्ही जिंकलात

ताई,
माझा नवरा ४१ वर्षांचा आहे आणि जेवणाच्या बाबतीत आमच्या सात वर्षांच्या मुलीपेक्षा जास्त छळतो. मशरूम नको, उकडलेल्या अंड्याचा वास नको, केळं जरा काळं पडलं की नको. भोपळ्याच्या बाबतीत तर कहरच. भोपळा शिजत असेल तर हा स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाही. सासूबाई सांगतात, लहानपणी एकदा भोपळा खाल्ल्यावर त्याला रात्रभर उलट्या झाल्या होत्या. पण तेव्हा घरात साथच होती. आणखी दोघांना तेच झालं, आणि त्यांनी भोपळ्याला हातही लावला नव्हता! म्हणजे भोपळ्याचा काडीचा संबंध नाही. हजारदा सांगून झालं. ‘कळतं गं मला, पण नाही जात घशाखाली,’ एवढंच उत्तर.

हे सगळं मनाचे खेळ आहेत, हे मी सिद्धही केलंय. गेल्या वर्षी दीर-जाऊ जेवायला आले होते, तेव्हा टोमॅटोच्या सूपमध्ये भोपळा वाटून घातला. याला पत्ताच नाही. दोन वाट्या प्यायला, वर ‘छान झालंय’ म्हणाला. जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सगळे पोट धरून हसले, मुलीनं टाळ्या वाजवल्या, तोही हसला आणि हात धुवायला उठला. तरी सुधारणा शून्य. उलट आता नवीनच खोड लागलीये, मी काहीही वाढलं की आधी चमच्यानं ढवळून बघतो. त्याचं बघून मुलगीही विचारायला लागली, ‘आई, यात काय घातलंयस?’ एकाची नाटकं कमी होती म्हणून आता दुसरी तयार होते आहे. त्याला वळण कसं लावू? आणि भाज्या कळू न देता पोटात जातील अशा काही युक्त्या असतील तर त्याही सांगा.
— रोजच्या कटकटीला कंटाळलेली

अहो कंटाळलेल्या बाई,

‘तोही हसला आणि हात धुवायला उठला.’ एवढ्या मोठ्या पत्रात नवऱ्यासाठी तुम्ही ही अर्धी ओळ खर्च केलीत आणि लगेच पुढे गेलात, ‘तरी सुधारणा शून्य.’ मी मात्र तिथेच अडकून बसले.

काय घडलं ते त्याच्या खुर्चीतून बघा जरा. समोर रिकामी वाटी, जे पोटात जायचं ते गेलेलं. बायको हसत हसत जाहीर करते आहे. भाऊ, भावजय, पोटची मुलगी, सगळ्यांचे डोळे त्याच्या तोंडाकडे, की आता हा काय करतो. चिडावं, तर ‘भोपळ्यावरून चिडला’ हे पुढची दहा वर्षं ऐकावं लागणार. उठून ओकावं, तर तमाशा. मग माणूस हसतो. दुसरं करणार काय? आणि जमेल तितक्या लवकर तिथून उठतो. तुम्ही त्याच्या मागे गेलात का, नंतर काही विचारलंत का, यातलं पत्रात काहीच नाही. मी धरून चालते की नाही विचारलंत.

पुढचं वाक्य तर तुमचं तुम्हीच लिहिलंय. ‘आता नवीनच खोड लागलीये.’ आता म्हणजे कधीपासून? त्या सूपनंतर. इतकी वर्षं हा माणूस तुम्ही वाढलेलं न बघता खात होता. भोपळा नको म्हणत होता, पण बाकी ताट तुमच्या भरवशावर रिकामं करत होता. तुम्ही त्याला ढवळून बघायला शिकवलंत आणि आता त्यालाच खोड म्हणताय.

मुलीचंही तेच. ती बाबाची नक्कल करत नाहीये. तिनं त्या रात्री टाळ्या वाजवल्या, म्हणजे गंमत तिला पुरती कळली होती. आई न सांगता काहीतरी घालते, आणि खाऊन झाल्यावर सगळे मिळून हसतात. सात वर्षांच्या मुलीनं यावरून ‘यात काय घातलंयस?’ असं विचारलं, तर मला ती हुशार वाटते. उद्या तिच्या ताटावर वेळ येऊ शकते, एवढा हिशेब तिनं मांडला.

आता तुमच्या ‘सिद्ध केलंय’कडे वळू, कारण तुमचं सगळं घोडं तिथेच अडलंय. त्याला चव कळली नाही, म्हणजे नावड खोटी, असा तुमचा दावा. किळस जिभेवर असती तर दावा टिकला असता. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं किळस या विषयात बरंच काम केलंय. १९८६ साली छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगांत एक मेलेलं, निर्जंतुक केलेलं झुरळ लोकांच्या डोळ्यांदेखत फळांच्या रसात बुडवून बाहेर काढलं. त्या रसात अपायकारक काही नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी आधी आवडीनं प्यायलेला तोच रस आता त्यांना नकोसा झाला. दुसऱ्या एका वेळी चांगल्या चॉकलेटच्या वडीला कुत्र्याच्या विष्ठेचा आकार दिला होता. चॉकलेटच आहे हे माहीत असूनही लोकांचं मन घेईना. यात चवीचा प्रश्न कुठे आला? आता समजा, तो झुरळ बुडवलेला रस मी तुम्हाला न सांगता दिला, तुम्ही ‘छान आहे’ म्हणालात आणि मग मी चारचौघांत झुरळाचं सांगितलं. तुमची झुरळाची किळस हे नाटक होतं, असं मी त्यावरून ठरवलं तर चालेल तुम्हाला?

भोपळा म्हणजे झुरळ नव्हे, असं तुम्ही म्हणाल. तुमच्यासाठी नव्हे. त्याच्यासाठी आहे, आणि तो तसा कसा झाला हे तुमच्याच पत्रात आहे. फक्त तुम्ही तो पुरावा उलट्या बाजूनं वापरलात.

१९५५ साली जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरिन घातलेलं गोड पाणी देऊन त्याच वेळी त्यांच्यावर किरणोत्सर्गाचा मारा केला. त्यानं उंदीर आजारी पडले. गोड पाण्याचा दोष काहीच नव्हता, पण नंतर उंदरांनी नेमकं गोड पाणीच टाळलं. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की खाणं आणि मळमळणं यांच्यात काही तास गेले तरी शरीर दोन्हींची गाठ मारतं, आणि त्यासाठी एक वेळ पुरते. माणसांचंही असंच होतं. १९७८ सालचा एक अभ्यास आहे. केमोथेरपी चालू असलेल्या मुलांना उपचारांआधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. मळमळ औषधांनी झाली, पण पुढे त्या चवीचं आइस्क्रीम पुष्कळ मुलांनी नाकारलं. आइस्क्रीम! लहान मुलांनी!

शरीर वैद्यकीय तपासणीचा कागद वाचत बसत नाही. हे खाल्लं, मग जिवावर बेतलं, पुन्हा नको, एवढाच त्याचा नियम. विषारी फळं-पाल्यापासून जीव वाचवायला तो नियम उपयोगाचा आहे, म्हणून तो इतका घट्ट बसतो आणि कधीकधी चुकीच्या पदार्थावर बसतो. तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत भोपळ्यावर बसला. घरातल्या त्या दुसऱ्या दोघांनी त्या दिवशी काय खाल्लं होतं आणि आज ते काय टाळतात, हे सासूबाईंना एकदा विचारून बघाच. मला खरंच उत्सुकता आहे.

आणि तो काय म्हणतो? ‘कळतं गं मला, पण नाही जात घशाखाली.’ यापेक्षा नेमकं कोणी सांगूच शकणार नाही. भोपळा वाईट असतो असं तो कधी म्हणालेला नाही, तुम्ही खाऊ नका असंही म्हणालेला नाही. तुम्ही हजारदा समजावत राहिलात ती गोष्ट त्याला पहिल्यांदाच समजली होती.

यादीतल्या बाकीच्या गोष्टींवर मी वेळ घालवणार नाही. मशरूमचा बुळबुळीतपणा, जास्त उकडलेल्या अंड्याचा गंधकासारखा वास, पिकून लिबलिबीत झालेलं केळं, यांना नाक मुरडणारी माणसं पैशाला पासरी आहेत. काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते, आणि त्यात वास ओळखणाऱ्या एका जनुकाचा वाटा आहे. अशा माणसांना ‘कोथिंबिरीला कुठे साबणाची चव असते’ म्हणून काय उपयोग? खाण्याची यादी आखडत जाते आहे, वजन घटतंय, चारचौघांत जेवणंच टाळलं जातंय, असं असेल तर ती वेगळी गोष्ट. त्याला आजार म्हणून नावही मिळालंय आणि तिथे डॉक्टरच लागतात. तुमचा नवरा त्यातला नाही. चार पदार्थ सोडून सगळं खाणारा धडधाकट माणूस आहे.

तब्येतीचं कारण पुढे करू नका. भोपळ्यात जे आहे ते गाजरातही मिळतं. शिवाय हे तब्येतीसाठी असतं तर तुम्ही गुपचूप घालून गप्प बसला असतात. तुम्हाला ते जाहीर करायचं होतं, तेही भरल्या घरात. माझंच खरं होतं, हे दाखवायचं होतं तुम्हाला.

एक धोक्याची गोष्टही सांगून ठेवते. ‘नको’ म्हणणारा माणूस नाटक करतोय, अशी मनाची एकदा सवय झाली की ती भोपळ्यापाशी थांबत नाही. उद्या मुलीची एखादी मैत्रीण जेवायला येईल आणि शेंगदाणे नको म्हणेल. अ‍ॅलर्जी असेल तर चिमूटभर कूटही तिला दवाखान्यात पोचवू शकतं. तेव्हा ‘बघू तरी कळतंय का हिला’ करून चालणार नाही.

जबरदस्तीनं काय साधतं हेही लोकांनी तपासलेलं आहे. २००२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लहानपणी बळेच खायला लावलेल्या पदार्थांबद्दल विचारलं होतं. ७२ टक्के म्हणाले, तो पदार्थ आजही आम्ही आपणहून खाणार नाही. २००६ साली छोट्या मुलांवर एक प्रयोग झाला, योगायोगानं तिथेही सूपच होतं. ‘संपव, संपव’ म्हणून मागे लागल्यावर मुलांनी सूप कमी प्यायलं आणि नावं जास्त ठेवली. तेव्हा वळण लावायचा विचार सोडा. ४१ वर्षांच्या माणसाला जेवणाचं वळण लावणारी तुम्ही कोण?

आता करायचं काय ते ऐका. एकच काम आहे.

येत्या रविवारी तिघं जेवायला बसाल तेव्हा, वाढायच्या आधी, मुलीसमोर त्याला सांगा, ‘त्या दिवशी मी तुला न सांगता भोपळा खायला घातला आणि वर सगळ्यांसमोर तुझं हसं केलं. ते चुकलं माझं. तुझ्या ताटात न सांगता मी पुन्हा काही घालणार नाही.’ एवढंच बोला. ‘पण तूही जरा’ नको, ‘तुझ्या भल्यासाठीच’ नको. मुलगी समोर हवीच, कारण टाळ्या तिनं वाजवल्या होत्या. दीर-जावेसमोर सांगायची हिंमत असेल तर मी तुम्हाला मानेन, पण तेवढं मागत नाही.

मग भोपळा खुशाल करा. तुम्हाला आवडतो तर तुम्ही का सोडायचा? झाकण काढायच्या आधी ‘आज भोपळा आहे’ म्हणा, तो बाहेरच्या खोलीत जाईल, जाऊ द्या. जेवताना तो चमच्यानं ढवळत राहील, बरेच दिवस राहील. तिकडे बघू नका, उसासा टाकू नका, ‘अजून विश्वास नाही का’ असं तर चुकूनही विचारू नका. त्याला तपासू दे. दर वेळी तुम्ही सांगितलं तेच ताटात निघालं की तो कधीतरी थांबेल. भोपळा मात्र कदाचित कधीच खाणार नाही. न खाऊ दे.

भाज्या लपवायच्या युक्त्या तुम्ही मागितल्यात, त्या मी देणार नाही. मुलीसाठी तर मुळीच नाही. नवीन चव मुलांच्या अंगवळणी पडायला तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चाखावा लागतो, आणि आपण काय चाखतोय हे त्यांना दिसावं लागतं. वाटून लपवलेला भोपळा शंभर वेळा पोटात गेला तरी तिची भोपळ्याशी ओळख कशी होणार? एक फोड ताटाच्या कडेला ठेवा आणि तुम्ही तुमचं जेवा. ‘यात काय घातलंयस?’ विचारलं की कंटाळा न करता सगळं सांगा, मिठासकट.

रविवारी तुम्ही बोललात की तो बहुतेक हसेल. म्हणेल, ‘अगं, जाऊ दे ना, केव्हाची गोष्ट ती!’ तेव्हा सुटलो एकदाचे म्हणून तुम्ही हसू नका. शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हणा आणि मग वाढायला घ्या.