जिल्हा परिषदेच्या तिकिटाकडे निघालेल्या तरुण वार्ताहरास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तिकीट मिळण्याची चिन्हे आहेत, हे तुझ्या पत्रातून कळले. त्याच पत्रात, पाण्याच्या टँकरच्या खेपांची नोंदवही तुला दाखवणाऱ्या पंचायत समितीतल्या लिपिकाचे नाव तू तिकीट देणाऱ्या साहेबांना सांगितल्याचेही आले आहे. तू ते ओघात लिहून गेलास. मी मात्र तिथून पुढे वाचू शकलो नाही.

त्या माणसाची बदली होईल, कदाचित चौकशीही मागे लागेल. पण मला काळजी तुझीही वाटते. बीड-धाराशिवकडच्या तालुका वार्ताहराला पगार नावापुरता असतो, घर जाहिरातींच्या कमिशनवर चालते. त्याची खरी कमाई एवढीच, की भेदरलेला माणूस रात्री त्याचे दार वाजवू शकतो. ती तू एका बैठकीत घालवलीस.

यापुढे काय होते, ते मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. बातमी सांगायला कोणी येत नाही, येतात ते पेरायला. साहेबही जपून बोलू लागतात, कारण ज्याने लिपिकाचे नाव दिले तो उद्या आपलेही देईल, हे त्यांना पुरते ठाऊक असते. पुढे ही सवय घरात शिरते: चहाला आलेला वर्गमित्र कोणत्या गटाचा, बहिणीच्या सोयरिकीने किती गावे जोडली जातील, याचाच हिशेब मनात चालतो, आणि माणूस निव्वळ भेटायला आला आहे यावर विश्वास बसेनासा होतो. पत्रकारिता आणि राजकारण या दोन्ही क्षेत्रांतली मोठी झालेली माणसे मी इतकी एकाकी पाहिली आहेत, की त्यांचा हेवा वाटणे केव्हाच थांबले.

महत्त्वाकांक्षेला माझा विरोध नाही. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’ या दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत खून झाला, त्यांनाही मोठे काम करायचे होते, पण त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ त्यानंतर सत्तापदांपासून दूर राहिले, तरी मराठवाड्याच्या प्रश्नांवर त्यांच्या शब्दाला वजन होते.

त्या लिपिकाला अजून काही कळलेले दिसत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याआधी त्याच्या घरी जा आणि तुझ्याच तोंडून त्याला सारे सांग. बदलीचा हुकूम निघालाच, तर तिकीट हातचे गेले तरी चालेल, पण साहेबांशी त्याच्यासाठी भांड.

तुझा हितचिंतक