कॉलेजच्या बॅनरवर नॅक 'ए प्लस प्लस' लिहिलंय, त्यावर विश्वास ठेवून मुलीची इंजिनिअरिंगची ॲडमिशन नेरूळला घ्यावी का?

नुसत्या बॅनरवर तर नकोच. मान्यता (कॉलेज चालवायची परवानगी) वेगळी आणि नॅकची ग्रेड (दर्जाचा शेरा) वेगळी. मुलीला इंजिनिअरिंगला घालताय ना, मग विद्यापीठ यूजीसीच्या (विद्यापीठांना मान्यता देणारा केंद्राचा आयोग) यादीत आहे का आणि कॉलेजला एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) परवानगी आहे का ते आधी बघा, ते नसेल तर पुढचं सगळं सोडा.

नॅक ही १९९४ पासूनची बंगळुरूची संस्था, ती फक्त दर्जा तपासते, म्हणजे बॅनरवरच्या या ग्रेडसाठी कॉलेज स्वतःच आपला रिपोर्ट भरायचं, मग बाहेरच्या प्रोफेसरांची टीम तपासून जायची (तेवढ्यापुरत्या भिंती रंगायच्या, लायब्ररी चकाचक व्हायची, असो) आणि ४ पैकी ३.५१ किंवा जास्त मिळाले की ए प्लस प्लस. मुंबई विद्यापीठाला २०२१ मध्ये ३.६५ मिळाले, पण म्हणून त्याला जोडलेल्या ठाणे-नवी मुंबईतल्या प्रत्येक कॉलेजला ती ग्रेड लागू होत नाही, बॅनरवाले नेमकं इथेच गंडवतात. ग्रेड कोणाच्या नावावर आहे ते वाचा, तारीखही बघा, साधारण ५ वर्षंच चालते.

आणि इंजिनिअरिंगला मी तरी एनबीए (इंजिनिअरिंगसारख्या कोर्सचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाचं मानांकन) आधी बघेन, ते ब्रँचनुसार मिळतं, कॉम्प्युटरला असेल आणि सिव्हिलला नसेल असंही होतं, ऑफिसात थेट ब्रँचचं नाव घेऊन विचारा.