मॅडम, दुसऱ्याचं काय करायचं?

एका लेकरावरच थांबलो तर चुकतंय का, हा प्रश्न आजकाल माझ्याकडे समुपदेशनाला येणारी बरीच जोडपी विचारतात. हे यवतमाळकडचं कापूस-सोयाबीनवालं घर, नवरा-बायको अन् सोबत सासूबाई, पोरगी सहा वर्षांची (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय). सासूबाईंनी बसल्या बसल्याच सुरू केलं, "आता तं मोठमोठे लोकं बी सांगून रायले का लेकरं कमी झाले, मंग इले काहून नाही पाहिजे?" नवऱ्याच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ होताच, 2024 च्या डिसेंबरात नागपूरला मोहन भागवत म्हणाले होते ना की जन्मदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी लेकरं, 2.1 च्या खाली जायला नको, दोनपेक्षा जास्त, तीन पाहिजेत, तोच.

आता आकडा काही खोटा नाही, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्र 1.7 वर आहे. पण बाप्पा, ती अख्ख्या राज्याची सरासरी, तिचा हिशोब एका सुनेकडून कसा मागायचा? त्यात आपल्याकडे तिसरं झालं की ग्रामपंचायत लढता येत नाही, हे वेगळंच. अन् नुसतं सांगून, पैसे देऊन लेकरं वाढत असती तर दक्षिण कोरिया 2023 ला 0.72 वर आला नसता.

सून आधी बोलेचना. मग म्हणाली, "मले नकोच असं नाही, पण मांगच्या वेळी सिझर झालं, सव्वा महिना झाला नाही तं वावरात वेचाले गेली, रात्री पोरगी रडे तं हे कूस बदलून झोपत." नवरा चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत बसला.

मी सासूबाईंना विचारलं, दुसरी पण पोरगीच झाली तर? त्यांनी पदर तोंडाला लावला अन् दाराकडे पाहत राहिल्या. खरं दुखणं तिथं होतं, लोकसंख्येत नव्हतंच, आणि असं बऱ्याच घरात निघतं.

पोरगी एकटी पडेल ही नवऱ्याची भीती मात्र मनापासूनची होती, पण एकुलतं लेकरू एकलकोंडंच होतं असं काही नसतं, अन् हिची चुलत भावंडं तर भिंतीपलीकडेच आहेत. मग दोघांनाच बसवून विचारलं, रात्री कोण उठणार, वेचणीच्या दिवसात पोळ्या कोण टाकणार, बाळंतपणानंतर आराम कुठं अन् किती. तो म्हणाला, "पोळ्या नाही जमत, पण रात्री उठीन." तेव्हा कुठे ती हसली.

यंदाची पऱ्हाटी निघेपर्यंत काहीच ठरवायचं नाही असं ठरलंय, तोवर पोरीला तयार करून शाळेत सोडायचं काम त्याचं. सासूबाई पुढच्या वेळी आल्या नाहीत, माझ्यावर रागावल्यात म्हणे.