वायुकोश, वायुकोशिका की वायुपेशी?

प्रश्न असा आहे: न्यूमोनियाबद्दलच्या एकाच लेखात ‘वायुकोश’, ‘वायुकोशिका’ आणि ‘वायुपेशी’ असे तीन शब्द एकाच गोष्टीसाठी वापरलेले दिसले. यातला बरोबर कोणता?

वायुकोश. ‘वायुपेशी’ चूकच आहे, कारण त्या शब्दाने शरीररचनाच बदलते. पेशी म्हणजे सेल. वायुकोश (इंग्रजीत ‘अल्व्हिओलस’) ही पेशी नव्हे, फुप्फुसातली हवेची बारीक पोकळी आहे. पेशी आहेत त्या तिच्या भिंतीत. त्यातल्या एका प्रकारच्या पेशी इतक्या चपट्या असतात की भिंतीचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग त्याच व्यापतात. पलीकडे लगेच केशवाहिनी, म्हणजे रक्ताची अगदी बारीक नळी. हवा आणि रक्त यांच्यामधलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतं, म्हणून तर प्राणवायू नुसता झिरपून रक्तात जातो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी गुबगुबीत असतात आणि सर्फॅक्टंट नावाचं द्रव्य स्रवतात. त्यामुळे आतल्या ओलाव्याचा पृष्ठताण कमी होतो आणि श्वास सोडताना कोश मिटून चिकटत नाही. फार लवकर जन्मलेल्या बाळांना श्वास घेणं जड जातं ते बहुतेकदा हे द्रव्य पुरेसं तयार झालेलं नसतं म्हणून.

न्यूमोनियात पू आणि द्रव साठतो तो या पोकळीत. ‘पेशींमध्ये पाणी झालं’ असं वाचणाऱ्याला भलतंच काहीतरी कळेल.

‘वायुकोशिका’ची गोष्ट वेगळी. लहान कोश ती कोशिका, असा अर्थ लावला तर व्याकरण आड येत नाही. पण हिंदीत कोशिका म्हणजे सेल, आणि हिंदीतली ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू! हिंदी मजकुरावरून घाईने मराठी केलं की हा घोटाळा हमखास होतो. बरं, खुद्द हिंदीतही या पोकळीला ‘कूपिका’ म्हणतात. तेव्हा ही उसनवारी कशासाठी?

इंग्रजीने घेतलेल्या मूळ लॅटिन ‘अल्व्हिओलस’चा अर्थही लहानशी पोकळी असाच आहे. हाच शब्द दात ज्या खाचेत बसतो तिलाही लावतात, आणि तिथूनच भाषाविज्ञानातले ‘अल्व्हिओलर’ म्हणजे वर्त्स्य ध्वनी (जीभ वरच्या दातांमागच्या उंचवट्याकडे नेऊन उच्चारलेले) आले. दंतवैद्यकातल्या मजकुरात ‘वायुकोशाचं हाड’ दिसलं, तर अनुवादकाने शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलला असं खुशाल समजावं.

‘हवेचे फुगे’ हा सोपा पर्याय मला पटत नाही. फुगे सुटे असतात; वायुकोश मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे सामाईक भिंतींचे. प्रौढ माणसात ते सरासरी 48 कोटींच्या आसपास असतात, प्रत्येकाचा व्यास साधारण 0.2 मिलिमीटर. इतक्या बारीक कप्प्यांमुळेच छातीत निदान 60-70 चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. एम्फिसेमात, म्हणजे वातस्फीतीत, नेमक्या या मधल्या भिंती नष्ट होतात. अनेक कप्प्यांचा एक मोठा कप्पा होतो. हवेला जागा असते, पण देवाणघेवाणीचा पृष्ठभाग घटतो. फुप्फुसाचा ताणही सैलावतो आणि श्वास बाहेर टाकणं अवघड होऊन हवा आतच अडकते. ‘स्फीती’ म्हणजे फुगवटा, तो असा. याचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान. गेलेल्या भिंती परत येत नाहीत, मात्र सिगारेट सोडली की पुढची झीज मंदावते.

आता लेखनाचं. सुटा शब्द ‘वायू’ दीर्घ, समासात ‘वायु’ ऱ्हस्व, म्हणून ‘वायुकोश’, आणि तो जोडूनच लिहायचा. ‘कोष’ही संस्कृतात आहे, पण मराठीत शब्दकोश, ज्ञानकोश रुळलेत, त्यामुळे इथेही ‘श’च बरा. अनेकवचन तसंच राहतं: एक वायुकोश, अनेक वायुकोश. ‘वायुकोशे’ नको.