सोलर प्रकल्पात भाग घेऊन कारखान्यासाठी वीज घ्यावी का? आधी सोबती बघा

तुम्ही विचारलंय की सावलीजवळच्या तुमच्या कारखान्याची कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) ३,००० केव्हीए आहे, छतावर आता जागा उरलेली नाही, आणि एक डेव्हलपर म्हणतो, "आमच्या सोलर कंपनीत भाग (शेअर) घ्या, ग्रिडमधून वीज पोचवतो, युनिटमागे दोन रुपये वाचतील." घ्यावं का, आणि ही गुंतवणूक म्हणून कशी आहे?

मी बडोद्याचाच. वाघोडियाच्या एका कारखान्यात वीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स सांभाळला. जीईबीचं, म्हणजे वीज कंपनीचं बिल (जुनं गुजरात वीज मंडळ; आमच्याकडे अजून सगळे जीईबीच म्हणतात) दर महिन्याला आधी माझ्या टेबलावर यायचं. अशाच एका ग्रुप कॅप्टिव्ह प्रकल्पात, म्हणजे अनेकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या वीज प्रकल्पात, आम्ही चार कारखाने एकत्र आलो होतो. त्या अनुभवावरून सांगतो: घ्या, पण दर सगळ्यात शेवटी विचारा.

दोन रुपये वाचतात कुठून? बाहेरून वीज घेतली की वितरण कंपनी क्रॉस सबसिडी सरचार्ज (स्वस्त वीज मिळणाऱ्या ग्राहकांच्या सवलतीची भरपाई) आणि अतिरिक्त अधिभार (ग्राहक बाहेर गेल्याने कंपनीवर पडणाऱ्या खर्चाची भरपाई) लावते. स्वतःच्या प्रकल्पाच्या, म्हणजे कॅप्टिव्ह विजेवर पहिला लागत नाही, आणि दुसराही लागू नये असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटलं. व्हीलिंग आणि ट्रान्समिशन (तारांमधून वीज पोचवण्याचे आकार) आणि वाटेतली गळती मात्र भरावीच लागते. म्हणजे बचतीचा मोठा हिस्सा 'कॅप्टिव्ह' या शिक्क्यात आहे. तो शिक्का गेला तर करारातला दर कितीही गोड असो, उपयोग नाही.

शिक्क्याच्या अटी २००५ च्या वीज नियमांत आहेत. वापरणाऱ्यांकडे मतदानाचा हक्क असलेले किमान २६ टक्के भाग हवेत, आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरायला हवी. शिवाय ज्याचा जेवढा भाग, त्या प्रमाणातच त्याचा वापर. फरक १० टक्क्यांच्या आत. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण गुजरात वीज कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे प्रमाण अशा भागीदारीतल्या कंपन्यांनाही लागू केलं. हिशेब सोपा आहे: ५१ भागिले २६, म्हणजे १ टक्का भागामागे किमान सुमारे १.९६ टक्के वीज. अट मोडली तर त्या वर्षाची सगळीच वीज 'बाहेरून घेतलेली' धरली जाऊ शकते. तुमचा वापर चोख असला तरीही.

आमच्यावर हीच वेळ आली होती. चौघांपैकी एक फाउंड्री. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी भट्टी रात्री चालवायला सुरुवात केली, कारण रात्रीच्या वापरावर बिलात सवलत मिळायची. त्यांच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता. पण सूर्य काही रात्री तळपत नाही! दुपारी आलेली आमची सामाईक वीज त्यांच्या मीटरवर पडून राहायला लागली. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. जानेवारीत चौघांचे आकडे एकत्र मांडले तेव्हा त्यांचा वापर मर्यादेच्या बराच खाली दिसला, आणि हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. उत्तरायणाची सुट्टी सोडून मी आणि त्यांचा इंजिनिअर दोन दिवस लोड सर्व्हे (मीटरमधली वेळेनुसार वापराची नोंद) घेऊन बसलो. शेवटी भट्टी सकाळी नऊ ते चार अशी परत दिवसावर आणली आणि मार्चअखेर कसेबसे मर्यादेत आलो. त्या दोन महिन्यांत मला झोप नव्हती. तेव्हापासून दर महिन्याच्या ५ तारखेला चौघांचे आकडे एकमेकांना जायचे.

म्हणून डेव्हलपरला पहिला प्रश्न हा विचारा: बाकीचे भागीदार कोण, त्यांचा दिवसाचा भार किती, आणि त्यांच्यामुळे शिक्का गेला तर माझा सरचार्ज कोण भरणार? करारात हे स्पष्ट लिहून घ्या. आमच्या पहिल्या करारात ते नव्हतं.

मग स्वतःच्या कारखान्यात बघा. बारा महिन्यांचा पंधरा-पंधरा मिनिटांचा लोड सर्व्हे काढा, दिवसाचे ९६ आकडे. रविवार, पाळी बदलण्याच्या वेळा आणि मुख्य म्हणजे दिवाळी ते लाभपाचम या दिवसांवर खुणा करा. तेव्हा आपल्याकडे कारखाने बंद, पण आकाश स्वच्छ असतं आणि तिकडे पॅनल जोरात चालत असतात. उरलेली वीज 'बँकेत' ठेवता येते, म्हणजे ग्रिडला देऊन नंतर परत घेता येते, पण किती, कोणत्या वेळी परत मिळते आणि त्याचा आकार किती, हे त्या वेळच्या गुजरात वीज नियामक आयोगाच्या आदेशातूनच वाचा. डेव्हलपरच्या प्रेझेंटेशनवरून ठरवू नका. गुजरातेत १ मेगावॉटमधून वर्षाला साधारण १६ लाख युनिटं येतात, त्यातली मार्च ते मेमध्ये भरपूर आणि जुलै-ऑगस्टमध्ये कमी. तुमच्या सगळ्यात कमी दुपारच्या भाराइतकाच प्रकल्प घ्या. रात्रपाळी मोठी असेल तर पवन-सोलर हायब्रिड विचारा. आपल्याकडचा पावसाळी वारा सोलरची पावसाळ्यातली तूट भरतो.

आणि डिमांड चार्ज, म्हणजे मागणीवर लागणारा आकार? तो तसाच राहतो. रात्री जीईबीचीच वीज लागणार, त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी होत नाही. बचत मोजताना बरेच जण इथे चुकतात.

आता गुंतवणुकीचं. २६ टक्के हे प्रकल्पाच्या किमतीचे नसून भागभांडवलाचे आहेत. १०० रुपयांच्या प्रकल्पात ७० रुपये कर्ज असेल तर भांडवल ३०, आणि चौघांचे मिळून ७ रुपये ८० पैसे. पैसा थोडा आहे, पण बहुतेक करारांत लाभांश नसतो आणि शेवटी भाग दर्शनी किमतीलाच परत घेतात. म्हणजे ती ठेव समजा. तुमचा परतावा फक्त वीजबिलात दिसेल. भरघोस घसारा हवा असेल (सोलरवर ४० टक्के) तर तो प्रकल्पाच्या मालक कंपनीला मिळतो, तुम्हाला नाही. त्यासाठी पूर्ण प्रकल्प स्वतःच्या नावावर उभारावा लागेल, आणि मेगावॉटमागे चार-पाच एकर जमीन बघावी लागेल.

करार पंचवीस वर्षांचा देतील. पाचव्या, दहाव्या वर्षी बाहेर पडण्याची किंमत आजच आकड्यांत लिहून मागा. लोड सर्व्हे काढलात की इथेच टाका, दुपारचा किमान भार मी बघून सांगेन.