डाग दिसला म्हणून पिशवी काढायची?

"काढूनच टाकावी म्हणते ताई. एकदाची काळजी मिटंल."

धाराशिव भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या, चौतिशीतल्या बाईचं आमच्याकडे आल्यावरचं हे पहिलं वाक्य. पिशवी म्हणजे गर्भाशय. (एकीची ओळख पटू नये म्हणून अनेकींच्या अनुभवांतून ही एक केस उभी केली आहे.) पोळ्यानंतर उपकेंद्रावर तिच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली. नर्सताईंनी "डाग दिसतोय, पॉझिटिव्ह आहे, पुढं दाखवा" असं सांगितलं. ती आधी गेली खासगी दवाखान्यात. तिथे सोनोग्राफी झाली, कागदावर "पिशवीला सूज" असं आलं आणि आज ना उद्या कॅन्सर होणारच, असं कानावर पडलं. उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली होती. दसऱ्याला टोळी निघायची, त्याला ३८ दिवस उरले होते. सोबत आलेली आरोग्यसखी, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, तिच्याहून जास्त घाबरली होती, कारण तपासणीला तिनेच नेलं होतं.

अशा वेळी "घाबरू नका" म्हणून काही साधत नाही. आधी तिला नेमकं काय समजलंय, ते काढून घ्यावं लागतं. "पॉझिटिव्ह म्हणजे काय सांगितलं त्यांनी?" असं विचारल्यावर तिने सखीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, "ती एड्सची बिमारी." आपल्याकडे गावात 'पॉझिटिव्ह' या शब्दाला दुसरा अर्थच उरलेला नाही. म्हणून सखींनी आणि नर्सताईंनी हा शब्द या कामात वापरूच नये. "डाग दिसला, अजून एकदा नीट बघावं लागेल" एवढं पुरतं.

मग डाग म्हणजे काय ते सांगितलं. तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाला ५ टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचं पाणी, कापसाने लावतात आणि पूर्ण एक मिनिट थांबून बघतात. ज्या पेशींत बदल झालेला असतो तो भाग पांढरा पडतो. पण साध्या जंतुसंसर्गाने, सुजेनेही पांढरेपणा येतो. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे सांगायला आकडा लागतो आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. २००० सालाच्या आसपास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या सहभागाने, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास सुरू झाला. या पद्धतीने तपासलेल्या हजार बायकांमागे जवळपास १४० जणींना डाग दिसला. त्यांत पुढे काळजी करावी असे बदल निघाले सातेक जणींना, आणि तेही बहुतेक कॅन्सरच्या अलीकडचेच. बदल सुरू झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं जातात, एचआयव्ही असेल तर कमी. तेवढ्या मुदतीत डाग जागच्या जागी मिटवता येतो.

"मंग सोनोग्राफीत सूज का आली?" हा प्रश्न तिने विचारला ते बरं झालं. तोंडावरचे हे सुरुवातीचे बदल सोनोग्राफीत दिसतच नाहीत. मूल झालेल्या बाईची पिशवी किंचित मोठी असणं नवलाचं नाही. त्या कागदावरून कॅन्सर होणार की नाही, हे कुणालाही ठरवता येत नाही.

खरी गाठ पुढे सुटली. कॅन्सरचं बाजूला ठेवून "पाळीचं कसं काय?" विचारलं, तेव्हा ती मोकळी झाली. फडात, म्हणजे तोडीच्या शेतात, पाळी आली की आडोसा नाही, पाणी नाही. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते. एक दिवस बसलं तर खाड्याचे पैसे कापले जातात. बरोबरच्या दोघींनी पिशवी काढली होती आणि "आता बरं हाय" असं त्या सांगत होत्या. म्हणजे पिशवी काढायला कॅन्सर हे निमित्त होतं, पाळी हे कारण. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. आपल्या जनजागृतीच्या पत्रकावरची भीती या रांगेत आणखी बाया उभ्या करते, हे स्वयंसेवकांनी कटू असलं तरी ऐकून घ्यावं.

म्हणून दोन प्रश्न वेगळे केले. पांढरं जाण्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत औषध मिळतं, गरज पडली तर नवऱ्यालाही घ्यावं लागतं. पाळी जड असेल तर रक्ताची तपासणी आणि गोळ्या हे आधी. पिशवीचं ऑपरेशन म्हणजे काय, तेही सांगितलं: निदान दीड-दोन महिने जड उचलायचं नाही, आणि फडात मोळी ३०-४० किलोची. सोबत दोन्ही अंडाशयंही काढली तर चौतिशीतच पाळी गेल्यानंतरचे त्रास सुरू होणार, अंगात गरम वाफा, हाडं ठिसूळ. शिवाय नीट तपासणी न करता साधी पिशवी काढली आणि आत खरंच कॅन्सर निघाला, तर ते ऑपरेशन अपुरं ठरतं. कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं असतं आणि मग पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. हे शेवटचं तिला नवं होतं. सखीलाही.

सासूबाईंचं एक वाक्य तिच्या मनात रुतलं होतं: "असलं बाहेरून येतं." पेशींतल्या अशा बदलांमागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो आणि तो शरीरसंबंधातून येतो, हे लपवू नये. पण तो लग्न झालेल्या बहुतेक बायकांना कधी ना कधी होऊन जातो, बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, काहींच्यात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. त्यामुळे कुणी कुणाशी बेइमानी केली, हे त्यावरून कळत नाही. तिच्या परवानगीने हेच नवऱ्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मग आईला तुम्हीच सांगा."

मग दिवस मोजले. थर्मल ॲब्लेशन, म्हणजे तापवलेल्या टोकाने डाग जाळणं, याला १०० अंशांवर २०-३० सेकंद लागतात. सहसा भूल लागत नाही, पाळीसारखी कळ येते. त्यानंतर दोन-चार आठवडे पाणी जातं आणि चार आठवडे संबंध टाळायचे. ३८ मधून २८ वजा केले की हातात राहतात १०. तालुक्याला नव्हे, जिथे गर्भाशयाच्या तोंडाची दुर्बिणीची तपासणी (कॉल्पोस्कोपी) आणि हा उपचार दोन्ही होतात त्या रुग्णालयात फोन करून वार विचारला, आधार-रेशनकार्ड घेतलं, पाळीचे दिवस टाळून त्या दहांतल्या पाचव्या दिवशी सखीसोबत पाठवलं. डाग लहान, पूर्ण दिसणारा, तोंडातून गर्भाशयात जाणाऱ्या नळीत न शिरलेला. कॅन्सरची शंका नव्हती, गरोदरपण नव्हतं. असं असेल तरच जाळतात. तुकडा तपासायला घेऊन त्याच दिवशी उपचार झाला. अहवालात सुरुवातीचे बदल निघाले, कॅन्सर नाही. घाण वास येणारं पाणी, ताप, ओटीपोटात जोराची कळ किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त दिसलं तर लगेच यायचं, हे तिच्याकडून उलट म्हणवून घेतलं.

सखीचं काय चुकलं, तेही पाहू. तिच्या फ्लिपचार्टचं पहिलंच पान शेवटच्या टप्प्यातल्या गाठीचं होतं. ते काढलं. तपासणीआधी तिने बायकांना चार गोष्टी सांगायच्या: दुखत नसतानाच तपासायचं असतं, डाग दिसला तर पुन्हा बघतात, बहुतेकींना काही निघत नाही, डाग जाळायला पिशवी काढावी लागत नाही. वय ३० ते ५०. त्यापुढे पाळी गेल्यावर, जिथे हे बदल होतात ती जागा आत सरकते आणि डाग नजरेस पडत नाही, तिथे एचपीव्ही तपासणी बरी. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर शिबिराची वाट न बघता सरळ दवाखाना.

शिबिरात काय बिघडतं, तेही सखीला माहीत असावं. द्रावण रोज ताजं हवं: ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, ९५ मिली डिस्टिल्ड वॉटर. शिळं, झाकण उघडं राहिलेलं द्रावण कमजोर होतं आणि डाग सुटतो. पाणी न मिसळता चुकून लावलं तर भाजतं. पिवळ्या बॅटरीच्या उजेडात सगळंच पिवळट दिसतं, तिथे काहीही ठरवू नये. रांग लांब झाली की एक मिनिटाची वीस सेकंदं होतात, सगळ्यात जास्त गफलत इथेच. आणि शिबिराची तारीख पोळ्याच्या अलीकडेच घ्यावी. दसरा-दिवाळीनंतर बायका गावात नसतात, आणि डाग असलेल्या बाईला सहा महिने फडात पाठवणं म्हणजे तिला गमावणंच.

सखीच्या वहीत आता एक रकाना वाढला आहे: 'टोळी कधी निघणार'. या बाईच्या नावापुढे एक वर्षाने पुन्हा तपासणी असं लिहायचं होतं. तारीख तिला लक्षात राहिली नसती. कार्डावर लिहिलं, "पुढचा पोळा".